सोमवारचा खेळ

आमच्याकडे हिरवळ नव्हतीच कधी.
साहेब 'ग्रीन' म्हणायचे, आम्ही 'ब्राऊन'.
चाळलेली रेती, तिच्यावर मिलिटरीच्या ट्रकांचं जळकं ऑइल,
आणि मधोमध पुरलेला एक डबा.
मी त्या रेतीचा माणूस, भानुदास खुडे.
तरटाचं फटकूर दोरीने कमरेला बांधायचं,
डब्यापासून निघून गोल गोल बाहेर यायचं,
आपलीच पावलं आपल्यामागे पुसत.

खडकीच्या टोकाला, रेल्वेच्या बांधाखाली,
नऊच होल.
अठरा हवेत तर पुन्हा पहिल्यापासून.
तीच बाभूळ, तोच नाला,
सावल्या तेवढ्या दुसऱ्या अंगाला.
मेहेरजान कूपर म्हणायच्या, "पहिला फेरा हौसेचा,
दुसरा हिशेबाचा, डिकरा."
आणि दोन्हीत तेवढेच चेंडू नाल्यात घालवायच्या.
ते आम्ही काढायचो, धुवायचो,
शुक्रवारी त्यांनाच विकायचो.
त्यांना ठाऊक होतं.

व्हरांड्यात शिसवी फळा, सोनेरी अक्षरांत कप्तान.
वरची नावं वाचताना जीभ अडखळते,
खालची ओळखीची :
एक कर्नल, जो चेंडू हरवला की बाभळीला शिव्या द्यायचा;
एझिकेल सर, बत्तीस वर्षं सेक्रेटरी,
एकदाही शंभराच्या आत आले नाहीत
आणि एकदाही खोटा आकडा लिहिला नाही.
शेजारी काचेत नियम. सातवा असा :
म्हैस चेंडूवर बसल्यास ती आपण होऊन उठेपर्यंत थांबावे.
म्हशी आमच्या होत्या.
काही काही साहेबांना फार थांबावं लागायचं.

सोमवारी क्लब बंद.
म्हणजे आम्हाला उघडा.
अकरा पोरं आणि एक काठी, सात नंबरची,
कर्नलने रागाने गुडघ्यावर मोडलेली,
लाझरसने सायकलच्या नळीत बसवून जोडलेली.
फटका मारला की ती शिट्टी घालायची.

त्या सोमवारी सातव्या होलवर, नाल्यावरून,
शिट्टी जरा वेगळी वाजली.
चेंडू रेतीच्या कडेला पडला, थांबल्यासारखा झाला,
मग फटकुराने काढलेल्या माझ्या रेघेत शिरला
आणि रेघेरेघेने, गोल गोल,
जणू घरचा पत्ता विचारत,
आत.
डबा टण्ण वाजला.
कुणी ओरडलंच नाही आधी.

एका फटक्यात गेला की सगळ्यांना पाजायचं,
हा साहेबांचा कायदा. लाझरसने तो पाळला.
अंजनाबाईच्या टपरीवर बावीस चहा, अकरा क्रीमरोल.
उधारी दसऱ्याला फिटली.

मंगळवारी एझिकेल सरांनी वही उघडली.
"साक्षीदार?"
मी म्हणालो, मी.
"सभासद?"
मी म्हणालो, रेती.
टाक दौतीत बुडाला, वर आला,
कागदावर एक थेंब पडला. तेवढाच.
वही मिटून त्यांनी कपाटातून स्वतःचा चेंडू काढला,
कागदात गुंडाळलेला, कोरा,
आणि लाझरसच्या हातात ठेवला.
लाझरसने तो कधी मारला नाही.
त्याची सून सांगते, दापोडीच्या घरात
तो अजून येशूच्या तसबिरीमागे आहे.
लाझरस नाही.

आता आठ ठिकाणी लॉन आलंय, टँकरच्या पाण्यावर.
सातव्यापर्यंत पाइप पोचत नाही,
म्हणून तिथे रेती उरली, आणि मी.
नवे कप्तान भले आहेत, फोटो काढतात, 'हेरिटेज' म्हणतात.
फळ्याच्या खालच्या कोपऱ्याला वाळवी लागलीय,
ते मी त्यांना दोनदा सांगितलं.

रविवारी मी रेती सपाट करतो, नियमाने, कुणाला झुकतं माप नाही.
पण संध्याकाळी सगळे गेले की
पुन्हा एक फेरा मारतो, गुडघे दुखतात तरी,
आणि रेघ जराशी,
कुणाच्या डोळ्यात येऊ नये एवढीच,
डब्याकडे उतरती ठेवतो.
कुंपण नाल्याशी फाटलेलं आहे.
सोमवारी कोण येईल, सांगता येत नाही.